सुगनबाईचं न घेतलेलं व्रत

बेसन फुगतं आणि पालेभाजी आटते. सुगनबाईचं सगळं घर या एका वाक्यावर चाललं होतं. टोपलीभर मेथी निवडा, धुवा, चिरा, कढईत टाका, आणि झाकण काढून बघावं तर तळाशी मूठभर काळंहिरवं काहीतरी. खाणारी तोंडं सहा. त्यापेक्षा वाटीभर बेसन ताकात कालवून चुलीवर ठेवलं की पातेलं कसं वर येतं! पोरांची पोटं भरतात, नवऱ्याच्या ताटात दुसरी वाढ घालता येते आणि पाहुणा आला तरी तोंडचं पाणी पळत नाही. आता तुम्हीच सांगा, तिचं चुकलं कुठे? चुकलं होतं खरं. पण ते कळायला दोन वर्षं गेली, आणि कळलं तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली.

ही गोष्ट दोंडाईच्याची, एकोणीसशे अडुसष्टच्या आसपासची. सुगनबाईचं माहेर जामनेरचं. सासर ओसवाल जैनांचं, एके काळी मिरचीचं स्वतःचं दुकान असलेलं. सासरे गेले आणि मागोमाग दुकानही गेलं. नवरा रुपचंद दुसऱ्याच्या पेढीवर मुनीम झाला. मिरचीचा हंगाम आला की हा माणूस शिंकत घरी यायचा आणि शिंकतच झोपायचा. पगार बेताचा. पण घराण्याचं नाव अजून बेताचं झालं नव्हतं, आणि खरी पंचाईत तीच होती. समाजात उठबस होती, लग्नकार्यांची बोलावणी होती, सासू सज्जनबाई रोज स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनास्थळी, जाऊन पहिल्या रांगेत बसत होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ झाकून धरायचं काम सुगनबाईकडे आलं होतं.

ते तिने झकास केलं, यात वाद नाही. मुगाच्या वड्या घालाव्यात तर तिने. पापडाची भाजी, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी, कढी, बाजरीची खिचडी, उन्हाळ्यात सुकवून ठेवलेल्या गवारीची भाजी. कोरड्या डब्यांतून ती रोज वेगळं ताट उभं करायची. मोठी दोन पोरं आणि धाकटी मुलगी, तिघंही पोटभर जेवून उठायची. मुलीचं नाव बदाम. रुपचंद गमतीने म्हणायचा, आमच्या घरात बदाम एकच, आणि ती खाताही येत नाही. घरात बोलणं मारवाडीतलं, बाजारातलं मराठीतलं आणि परसापलीकडच्या शेजारणीशी अहिराणीतलं. आपण मराठीतच सांगू, म्हणजे कुणाचा खोळंबा नको.

चौमासा, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यांच्यात पालेभाजी खात नाहीत. पानापानावर बारीक जीव असतात, ते मरू नयेत म्हणून. सुगनबाईला हे महिने मोठ्या सुखाचे वाटायचे. धर्मही सांभाळला जायचा आणि भाजीचा खर्चही वाचायचा. कार्तिकी पुनवेला चौमासा संपला की मात्र हे सुख संपायचं. त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका टोपल्या घेऊन बाजाराला निघायच्या आणि सुगनबाईच्या टोपलीत काय आहे ते सगळ्यांना दिसायचं.

दोन वर्षांपूर्वी असंच झालं. समोरची सुमनबाई मेथीच्या जुड्या आणायला निघाली आणि जाताजाता हिला म्हणाली, चला की. सुगनबाईच्या तोंडून निघून गेलं की मी हिरवी पालेभाजी पुढेही सोडली आहे. एवढंच. नाही म्हणायला काहीतरी हवं होतं, ते म्हणाली. पण गल्लीत बोललेला शब्द गल्लीत थोडाच राहतो? संध्याकाळपर्यंत तो स्थानकात पोचला, तिथून सज्जनबाईंच्या कानावर आला, आणि सज्जनबाई घरी आल्या त्या डोळे भरूनच. सून बारमाही त्याग करते आणि सासूला सांगत नाही! का सांगितलं नाहीस, असं त्यांनी विचारलं. सुगनबाई पदर पुढे ओढून गप्प बसली. तिच्या त्या गप्प बसण्याचंसुद्धा कौतुक झालं, बोला!

मग सज्जनबाईंनीच ठरवून टाकलं. सुनेने जे सोडलं ते तिच्यासमोर शिजवायला कसं सांगायचं? आपणही त्याशिवाय भागवू. झालं. सुनेने सोडली म्हणजे चुलीनेच सोडली. रुपचंदला वाटलं, आपल्या घरात एक तरी पुण्यवान माणूस आहे. स्थानकातल्या बायका सुगनबाईला जागा करून देऊ लागल्या. तिला सुरुवातीला चोरट्यासारखं व्हायचं. मग सवय झाली, आणि नंतर नंतर तर कधी कधी तिला स्वतःलाच वाटायचं की आपण व्रत घेतलेलं आहे.

खरं काय ते तिच्या एकटीला ठाऊक होतं. व्रत नव्हतं. तंगी होती. आणि ती नवऱ्याला कळू नये, त्याच्या पगारात भाजी बसत नाही हे त्याला ऐकावं लागू नये, एवढ्यासाठी तिने धर्माचा पदर पुढे केला होता.

मोठ्या पोरांचं बरं चाललं होतं, कारण ती घरात टिकायचीच नाहीत. बोरं, पेरू, कैऱ्या, कुणाच्या तरी मळ्यातली पपई, काय हाताला लागेल ते खाऊन यायची. बदाम मात्र घरकोंबडी. त्यात आदल्या वर्षी तिला गोवर येऊन गेली आणि तेव्हापासून तर सज्जनबाई तिला उंबऱ्याबाहेर पाठवत नव्हत्या. घरात शिजेल तेच तिच्या पोटात जायचं. सकाळी वड्या, संध्याकाळी कढी. आणि जेवण दिवसाउजेडी, सूर्य मावळायच्या आत. जैनाघरी रात्री चूल नाही आणि घासही नाही. जेवून उठलं की बदाम आजीच्या कुशीत शिरायची, आजी नवकार मंत्र म्हणायची, पोर झोपून जायची. कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

कळलं ते लिलाबाईमुळे.

लिलाबाई परसाच्या पलीकडे राहायची. घर बौद्धांचं, नवरा यादव रेल्वेत गँगमन. तिच्या अंगणात शेवग्याचं एक दांडगं झाड होतं आणि दारात शेळ्या. सुगनबाईशी तिचं कुंपणावरून बोलणं चालायचं, पण कुंपणावरूनच. त्या घरचं पाणी सज्जनबाईंना चालत नव्हतं आणि हे लिलाबाईला पक्कं माहीत होतं. त्यामुळे ती कधी यांच्या ओट्यावर चढली नव्हती. बाई मानी होती. जिथे आपल्याला बसा म्हणत नाहीत तिथे उभंही राहायचं नाही, असा तिचा खाक्या.

फाल्गुन अखेरची संध्याकाळ होती. तिची शेळी व्याली होती, आणि जेवून परसात उभ्या असलेल्या बदामला तिने करडू बघायला हाक मारली. पोर आनंदाने निघाली. कुंपणाच्या फटीतून आत आली आणि सरळ पाण्याच्या कुंडीवर जाऊन आदळली. उठली, दोन्ही हात पुढे केले आणि चाचपडायला लागली. आभाळात अजून तांबूस उजेड होता. करडू तिच्यापासून हातभर अंतरावर होतं आणि बदाम विचारत होती, कुठे आहे?

लिलाबाईच्या ते लगेच ध्यानात आलं. तिने पोरीचा हात धरला आणि पहिल्यांदाच ती यांच्या ओट्याशी आली. सुगनबाईला बाहेर बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "माय, तुनी पोरले सांजले दिखत नही शे."

सुगनबाईला ते आधी पटेना. तिने बदामला समोर उभं केलं, चकाकती वाटी तिच्या तोंडापुढे धरली आणि घे म्हणाली. पोरीने हवेत हात फिरवला. वाटी डावीकडे नेली, हात उजवीकडेच फिरत राहिला. सुगनबाईने वाटी खाली ठेवली. तिने कसंबसं विचारलं, तुला दिसत नाही हे सांगितलं का नाहीस?

बदामला प्रश्नच कळला नाही. आईला ती बाई म्हणायची. ती म्हणाली, "दिवस संपला ना, बाई. आता कुणालाच दिसत नाही. म्हणून तर आपण लवकर जेवतो."

पोर खोटं सांगत नव्हती. तिच्या लेखी सगळं जग रोज सूर्याबरोबर आंधळं होत होतं आणि तिच्या घरचा नियम त्यासाठीच होता. सुगनबाईने तिला उराशी धरलं आणि लिलाबाईसमोरच ती रडायला लागली. त्या रात्री तिला झोप कसली.

दुसऱ्या दिवशी रुपचंदने पेढीवर निरोप धाडला आणि दोघं पोरीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर वयस्क होते, बोलायला जरा तिरकस, पण हाताचे हळुवार. त्यांनी पापणी वर करून बघितली आणि बुबुळाच्या कडेला पांढऱ्यावर फेसासारखा एक ठिपका होता तो रुपचंदला दाखवला. रातांधळेपणा, म्हणाले. खाण्यातल्या कमतरतेने येतो, त्यात गोवर होऊन गेलेली. अजून हातातून गेलं नाही, पण असंच चालू राहिलं तर डोळा कोरडा पडेल, आणि एकदा बुबुळ गेलं की मग दिवसासुद्धा अंधारच.

त्यांनी कपाटातून एक बाटली काढली, रुपचंदकडे आणि सुगनबाईच्या पदराकडे एकदा बघितलं आणि घर जैनांचं हे ओळखून बाटली परत ठेवली. माशाच्या तेलाची होती ती. मग म्हणाले, गाजर. सुगनबाईने मान हलवली. जमिनीखालचं आमच्यात चालत नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग पाला तरी चालतो का? की तोही नाही? रोज हिरवा पाला पोटात गेला पाहिजे, थोड्या तेलासोबत. पिकलेली पपई द्या, लाल भोपळा द्या. महिनाभर बघू. फरक पडला नाही तर धुळ्याला मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे सुई देतील. मग धर्म मध्ये आणू नका."

रुपचंद बायकोकडे बघायला लागला. त्याला वाटत होतं, हिचं एवढं मोठं व्रत, आता ही काय करेल? आणि सुगनबाईला वाटत होतं, धरणी पोटात घेईल तर बरं. पोरीचे डोळे जाऊ लागले होते ते कशापायी, हे तिला कळून चुकलं होतं. दोन वर्षं जिचं कौतुक झालं ती तीच होती, आणि पोरीच्या डोळ्यातला तो ठिपकाही तिच्याच हातचा होता.

घरी आल्यावर सगळं सज्जनबाईंच्या कानावर घातलं. म्हातारी कोसळायची तेवढी बाकी राहिली. बदाम म्हणजे तिचा जीव की प्राण. नातीला भाजी द्यायचीच, यात तिला काही शंका नव्हती. पण त्याग मोडायचा म्हणजे रीतीने मोडला पाहिजे, नाहीतर दोष पोरीलाच लागेल, अशी तिला भीती. पायी विहार करत आलेल्या महासतीजी, म्हणजे जैन साध्वी, त्या दिवसांत स्थानकात उतरल्या होत्या. आत्ता चल, त्यांना विचारू, म्हणून तिने सुनेला तसंच उठवलं.

वाटेत सुगनबाईच्या मनात काय काय आलं असेल! मी मोकळीक मागते आणि महासतीजी देतात, एवढ्यावर सुटता आलं असतं. नाव राहिलं असतं, मूठ झाकलेली राहिली असती. तिने तसंच ठरवलंही होतं.

महासतीजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. थकलेल्या, पायांना भेगा पडलेल्या, नजर मात्र निवलेली. सज्जनबाईंनी सगळं सांगितलं. सुनेचा बारमाही त्याग, पोरीचे डोळे, डॉक्टरांचं म्हणणं. महासतीजींनी ऐकून घेतलं आणि सुगनबाईला साधंच विचारलं, पच्चक्खाण कुणाकडून घेतलं होतंस? म्हणजे व्रताचा उच्चार कुणासमोर केला होतास?

प्रश्न रीतीचाच होता. ज्याने व्रत दिलं त्याचं नाव सांगायचं, मग पुढचं. पण सुगनबाईकडे सांगायला नाव नव्हतं. ती जमिनीकडे बघत राहिली. बाजूला सासू बसलेली, जी दोन वर्षं याच फरशीवर बसून सुनेच्या पुण्याचे पोवाडे गात होती. सुगनबाईला आठवत होते ते चाचपडणारे दोन हात. तिने मान वर केली.

"कुणाकडून नाही," ती म्हणाली. "मी व्रत घेतलंच नव्हतं. भाजी परवडत नव्हती. तसं सांगायची लाज वाटली."

सज्जनबाईंनी सुनेकडे वळून बघितलं. महासतीजी बोलल्या ते अगदी हळू.

"जे घेतलंच नाही ते मोडणार कसं? भाजी शिजव असं साध्वी कधी सांगत नाही, मीही सांगणार नाही. पण नसलेलं व्रत पाळत बस, असंही कुठल्या धर्मात लिहिलेलं नाही. खोटं मात्र बोललीस. ते इथे सांगितलंस, आता घरीही सांग."

सुगनबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला, पण अर्धाच. उरलेला अर्धा शेजारून मुकाट चालत होता. परतीच्या वाटेवर ओळखीच्या बायका भेटल्या, त्यांच्यासाठीही सज्जनबाई थांबल्या नाहीत. घर आलं तर त्या आत न येता घराला वळसा घालून परसात गेल्या. सुगनबाई मागच्या दारात उभी राहून बघत होती. म्हातारी कुंपणाशी गेली आणि जन्मात पहिल्यांदा तिने लिलाबाईला नावाने हाक मारली.

लिलाबाई शेळीला चारा घालत होती. आली, पण कुंपणापासून दोन हात लांबच थांबली. सज्जनबाई म्हणाल्या, नातीसाठी तुझ्या शेवग्याचा पाला हवा आहे. लिलाबाईने पटकन हो म्हटलं नाही. इतक्या वर्षांचं मनात साचलेलं होतं, ते तिने विचारून घेतलं, आणि का विचारू नये?

"मना हातनं पानी तुले चालत नही, अक्का. मंग मना झाडना पाला चाली का?"

सज्जनबाईंचा चेहरा उतरला. "चालेल," त्या म्हणाल्या. "आजवर चाललं नाही ती माझी चूक. तू नसतीस तर आम्हाला पोरीचं कळलंही नसतं."

लिलाबाईने मग एकदाच मान हलवली. आकडीने एक मोठी फांदी ओढून तिने कुंपणावर टाकली, मग दुसरी टाकली. "ली जा, बठ्ठा ली जा. झाडले परत फुटी."

सज्जनबाई फांद्या घेऊन ओट्यावर बसल्या, परात पुढ्यात ओढली आणि उन्हात एकेक डहाळी धरून पान न् पान उलटून बघायला लागल्या. कुठे अळी दिसली, कुठे कोळ्याचं जाळं दिसलं की ते अलगद काडीने उचलून परसातल्या गवतावर सोडून यायच्या. डोळ्यांना कमी दिसायचं म्हणून पान नाकाशी न्यायच्या. सुगनबाई मदतीला बसायला गेली तर तिला त्यांनी हाताने थांबवलं.

"हे काम माझं. एकही जीव चुलीत जाऊ देणार नाही आणि एकही पान वाया जाऊ देणार नाही," त्या म्हणाल्या. मग परातीतच बघत म्हणाल्या, "तंगी माझ्या मुलाच्या घरातली, आणि ती दोन वर्षं एकटीने वाहिलीस. मला सांगायचं होतंस गं सुगन. मी काय परकी होते?"

सुगनबाई चुलीपुढे बसून पोटभर रडली. पण हे रडणं कालचं नव्हतं. आता तिला मोकळं वाटत होतं, आणि खूप दिवसांनी भूकही लागली होती.

रात्री तिने रुपचंदलाही सांगितलं. तो बिचारा अंथरुणावर उठून बसला. मग म्हणाला की पुण्य गेलं ते गेलं, आता निदान भाजीला चव आहे का तेवढं बघ. दुसऱ्या दिवसापासून तो बाजारावरून घरी येताना पिशवीत काहीतरी हिरवं किंवा पिवळं आणू लागला. कधी तांदुळजा, कधी भोपळ्याची फोड, कधी एका बाजूने लागलेली पपई, जी बागवान उरलीसुरली म्हणून स्वस्तात द्यायचा. लपवायचं काही राहिलं नाही म्हटल्यावर घासाघीस करायची लाजही गेली.

आणि सुगनबाईची अक्कल! पालेभाजी आटते हे तिचं जुनं दुखणं. मग तिने आटणारं आणि फुगणारं एकत्र केलं. शेवग्याचा पाला चिरून बेसनात घातला, त्याचे मुटके वाफवले आणि वरून तेलाची फोडणी दिली. ज्वारीच्या पिठात पाला मळून भाकऱ्या केल्या. मुगाच्या वड्यांत पाला, कढीत पाला, वरणात पाला. पोरं कुरकुरली की आता चहातही घालणार का? घालीन, म्हणाली. भोपळ्याच्या पुऱ्या केल्या तेव्हा पोरं गप्प झाली. ज्या दिवशी अष्टमी-चतुर्दशीसारख्या तिथीमुळे हिरवं चालत नाही त्या दिवसासाठी तिने पाला सावलीत वाळवून हाताने चुरडून बरणीत भरून ठेवला. वाळवलेलं चालतं, आणि वाळवणात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढच्या चौमाशाची सोय तिथेच झाली.

सुमनबाईने एकदा खवचटपणे विचारलंच, व्रताचं काय झालं हो? सुगनबाईने हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि सरळ सांगितलं की व्रत नव्हतं, तंगी होती. सुमनबाईने विषय बदलला. दोन दिवसांनी तीच मागच्या दाराने आली आणि ते पाल्याचे मुटके कसे करतात ते विचारून गेली. झाकलेल्या मुठी गल्लीत बऱ्याच होत्या, असं दिसलं.

पण जिच्यासाठी हे चाललं होतं तिचं काय? रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की सुगनबाई वाटी घेऊन बदामसमोर बसायची. रोज पोरीचा हात हवेत फिरायचा. कधी वाटीला लागायचा, पण तो अंदाजाने. सुगनबाई हसून वाटी ठेवून द्यायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. डोळ्यातला ठिपका कमी झाला आहे की आपल्यालाच तसं वाटतं आहे, हे तिला ठरवता येत नव्हतं. डॉक्टरांचा महिना संपत आला. रुपचंदने धुळ्याच्या गाडीची चौकशी करून ठेवली. सज्जनबाईंनी सुईलाही हो म्हटलं होतं.

चैत्र संपता संपता एका संध्याकाळी लिलाबाई पाला घेऊन आली होती आणि ओट्यावर बसली होती. हो, ओट्यावरच. आताशा बसायची. सुगनबाईने तिला पाणी दिलं, तिने अर्धा तांब्या पिऊन ठेवला. दिवस बुडून गेला होता. अंगणात घरं आणि झाडं नुसती काळी दिसत होती. बदाम पायरीवर बसली होती, झोपायला चल म्हणून सज्जनबाई तिला घ्यायला ओट्यावरून उतरू लागल्या.

"दादी, थांब," बदाम म्हणाली. "पाय ठेवू नको. मुंग्या चालल्यात."

सज्जनबाई उचललेला पाय तसाच धरून थांबल्या. सुगनबाई ओट्याच्या कडेवरून वाकली. कुणाला काही दिसेना. लिलाबाई खाली उतरली, आगकाडी ओढून पायरीशी धरली. खरंच, पायरीच्या कडेने मुंग्यांची बारीक रांग चालली होती. बदामने बोट ठेवून दाखवलं, इथून इथे, मग भिंतीवर, मग त्या भोकात. काडी विझली तरी तिचं बोट रांगेवरून हललं नाही.

सुगनबाई तिथेच ओट्यावर बसली. ती रडली नाही की हसली नाही. सज्जनबाई लिलाबाईच्या खांद्याचा आधार घेऊन मुंग्या चुकवून खाली उतरल्या आणि त्यांनी नातीचं डोकं दोन्ही हातांनी कुरवाळलं. बदाम मात्र कोड्यात पडली होती. तिने आजीकडे बघितलं, आईकडे, लिलाबाईकडे, आणि त्या तिघीही आपल्याकडे बघताहेत हे तिला दिसलं.

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना अंधारात दिसतं?" तिने विचारलं. "मग आपण एवढ्या लवकर का जेवतो?"

सज्जनबाईंनी तिला उचलून कडेवर घेतलं, वजन झेपत नव्हतं तरी. म्हणाल्या, "या मुंग्या आम्हाला दिसत नाहीत ना, म्हणून."

मग त्या आत गेल्या. सुगनबाई उठली आणि सकाळी उजेडात निवडायचा पाला तिने परातीत पसरून ठेवला.